आधी सिझर, मग नॉर्मल: काय जमलं, काय अडलं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं की दुसऱ्या खेपेला दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर." दुसरं, "मनावर घेतलंस तर सगळं होतं." माझं मत विचाराल तर दोन्ही वाक्यांनी बायकांना सारखाच त्रास दिलाय.

पहिलं वाक्य १९१६ सालचं आहे, न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांचं. तेव्हा गर्भपिशवीवर वरच्या जाड भागात उभा छेद घेत, आणि तो पुढच्या वेळी कळांमध्ये उसवायची भीती खरीच असे. गंमत म्हणजे क्रेगिन सांगत होते ते हे, की पहिलं सिझर उगाच करू नका. पुढे पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुळली, धोका बराच खाली आला, वाक्य मात्र आहे तिथेच राहिलं. दुसरं वाक्य कोणी काढलं कोण जाणे. ती व्यक्ती लेबर रूममध्ये फार वेळ थांबली नसावी.

एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी ढोबळमानाने ६० ते ८० टक्के जणींची डिलिव्हरी नॉर्मल होते. छेद खालचा आणि आडवा असेल तर त्या प्रयत्नात टाका उसवण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १. आकडा छोटा आहे, पण वेळ आलीच तर मिनिटांशी गाठ असते. या दोन आकड्यांच्या मधे प्रत्येकीचं नक्की काय झालं, ते इथे लिहूया.

लिहिताना एवढं सांगा: पहिलं सिझर कशामुळे झालं, मधे अंतर किती, कळा आपोआप आल्या की आणल्या, शेवटी काय झालं. हॉस्पिटलची, डॉक्टरांची नावं नकोत. आणि ज्यांचं जमलं नाही त्यांनी कृपया गप्प राहू नका, नाहीतर हा धागा नुसता यशोगाथांचा होईल.

सुरुवात मीच करते. पहिलं बाळ पायाळू, शेवटपर्यंत वळलं नाही, म्हणून ठरवून सिझर. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पोट तपासायच्या आधी जुन्या ऑपरेशनचा कागद मागितला. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्या म्हणाल्या, "हे नको, ऑपरेशनच्या नोट्स हव्यात, आत छेद कसा घेतला तो लिहिलेला असतो." त्या आणायला हेलपाटे घालावे लागले, पण आणल्या. बाळाचं डोकं या वेळी खाली होतं. म्हणजे पहिल्या सिझरचं कारणच उरलं नव्हतं. दिवस भरल्यावर कळा आपसूक सुरू झाल्या आणि संध्याकाळी लेक झाली. खालचे टाके पडले, ते दुखले, पण बाळाला उचलून घ्यायला कुणाची वाट बघावी लागली नाही.

रातराणी

मी न जमलेल्यांपैकी. पहिल्या वेळी कळा भरपूर, पण पिशवीचं तोंड सहा-सात सेंटिमीटरवर अडलं ते अडलंच. दुसऱ्या वेळी आम्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, की जे कारण पुन्हा येऊ शकतं ते असताना प्रयत्न करावा का. त्या म्हणाल्या, अशा बायकांचंही निम्म्याहून जास्त वेळा नॉर्मल होतं, पण पायाळूमुळे सिझर झालेल्यांच्या मानाने शक्यता कमी धरून चाला. आम्ही धरली. कळा आपोआप आल्या, सगळं छान चाललं, आणि जवळजवळ तिथेच येऊन गाडं थांबलं. मग डॉक्टरांनी ताणलं नाही, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. मुलगा चार किलोच्या घरात होता आणि डोकं आकाशाकडे तोंड करून, म्हणजे वळलेलं नव्हतं.

कळा काढून झाल्यावर होणारं सिझर हे ठरवलेल्या सिझरपेक्षा अंगाला जड जातं, हे मला आधी सांगितलेलं होतं आणि ते खरं निघालं. ताप आला, जखम चिघळली, सावरायला वेळ गेला. ज्यांना प्रयत्न करायचाय त्यांनी हा तिसरा रस्ता धरूनच निर्णय घ्यावा. नॉर्मल आणि ठरवलेलं सिझर अशी तुलना अर्धवट आहे, कारण मधे "प्रयत्न करून सिझर" नावाचा प्रकार आहे आणि तो तिन्हींत सगळ्यात त्रासाचा. तरी मला विचाराल तर मी पुन्हा प्रयत्नच केला असता.

धागाकर्ती

रातराणी, धन्यवाद. हाच प्रतिसाद हवा होता.

तिसरी खेप

माझा क्रम थोडा वेगळा. पहिलं नॉर्मल, दुसऱ्या वेळी पाणी जाताना नाळ खाली आली म्हणून धावपळीत सिझर, तिसऱ्या वेळी परत नॉर्मल. तिसऱ्या वेळी मी घाबरलेली, डॉक्टर मात्र निवांत. एवढं झटपट झालं की नवरा गाडी लावून वर येईपर्यंत बाळ आलेलं. फार काही लिहिण्यासारखं नाही, पण म्हटलं नोंद असावी.

गर्भवैद्य

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे वाचक म्हणून असते. तिसरी खेप यांनी दोन ओळींत लिहिलं ते खरं तर सगळ्यात वजनदार आहे. आधी एकदा तरी नॉर्मल डिलिव्हरी झालेली असेल, विशेषतः सिझरनंतर झालेली असेल, तर यशाचं प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. बाकी कुठल्याही एका गोष्टीत एवढी ताकद नाही.

त्याखालोखाल कळा आपोआप सुरू होणं आणि दाखल होताना पिशवीचं तोंड मऊ होऊन थोडं उघडलेलं असणं. उलट बाजूला आईचं वजन जास्त असणं, वाढलेलं वय, बाळ चार किलोच्या वर, तारीख उलटून जाणं, आणि पहिलं सिझर प्रगती थांबल्यामुळे झालेलं असणं. यातली एखादी गोष्ट असली म्हणून दार बंद होत नाही. पाच-सहा एकदम असल्या तर मी पेशंटला बसवून सविस्तर बोलते.

इंटरनेटवर टक्केवारी सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत, त्यांबद्दल एक सांगते. अमेरिकेत २००७ साली आलेल्या एका प्रसिद्ध कॅल्क्युलेटरमध्ये बाईचा वंश हाही एक रकाना होता, आणि काही वंशांच्या बायकांचा आकडा त्यामुळे आपोआप खाली यायचा. खूप टीका झाल्यावर २०२१ मध्ये तो रकाना काढून सुधारित आवृत्ती आली. तेव्हा असा आकडा बोलायला सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. मी कमी आकडा आलेल्या बाईचं बाळंतपण विनासायास होताना पाहिलंय आणि उलटही.

ऑपरेशनच्या नोट्सबद्दल धागाकर्तीने लिहिलं ते सोन्यासारखं. पोटावरचा व्रण बघून आतलं कळत नाही. कपड्याची वरची शिवण सरळ असली म्हणून अस्तर कसं जोडलंय ते समजत नाही, तसंच.

अनामिक

वरच्या शेवटच्या ओळीवर माझाच अनुभव. माझं पहिलं बाळ फार लवकर, सातवा महिना लागायच्या सुमारास काढावं लागलं. पोटावर व्रण आडवा, बिकिनी लाइनवर, छान पुसट झालेला. त्यामुळे दुसऱ्या वेळी सगळे म्हणत होते की प्रयत्न कर. नोट्स मागवल्यावर कळलं, की आत पिशवीवर छेद उभा घेतलेला होता. एवढ्या लवकर पिशवीचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो, म्हणून कधी कधी तसं करावं लागतं म्हणे. अशा छेदाला कळांमध्ये उसवायचा धोका काही टक्के असतो, आडव्यापेक्षा कितीतरी जास्त. आम्हाला कळा सुरू व्हायच्या आधीच, तारखेच्या काही आठवडे आधी सिझर करायला सांगितलं आणि आम्ही केलं.

तो कागद आला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. कागद मागा, एवढंच.

सावली

माझ्या प्रतिसादात थरार नाही. मोठी वर्षाची व्हायच्या आत पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी सांगितलं की दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असलं तर टाका उसवण्याचा धोका वाढतो. शिवाय आम्हाला दोनच मुलं हवी होती. ठरवून ३९ आठवडे झाल्यावर सिझर केलं, आदल्या रात्री शांत झोपले. नातेवाइकांत अजून "प्रयत्न तरी करायचास" ऐकते. ऐकते आणि सोडून देते.

उन्हाळी पाऊस

सगळे अनुभव छान आहेत, पण मला वाटतं मन प्रसन्न ठेवलं आणि शरीरावर विश्वास ठेवला तर नॉर्मल होतंच. माझं झालं. व्यायामाच्या मोठ्या बॉलवर बसा, चाला, नकारात्मक वाचू नका.

रातराणी

माझाही विश्वास होता हो. बॉलही होता.

धागाकर्ती

उन्हाळी पाऊस, तुमचं झालं याचा आनंद आहे. पण "होतंच" हा शब्द ज्यांचं झालं नाही त्यांच्या अंगावर येतो. बॉल आणि चालणं याने कळा सोसायला बरं वाटतं, ते जरूर करा. शेजारी सतत कुणीतरी अनुभवी, धीर देणारं असलं तर एकूणच सिझरचं प्रमाण थोडं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पहिलं सिझर कशामुळे झालं ते मात्र याने बदलत नाही.

दोघांचा बाबा

धाग्यावर पुरुष लिहितोय, चालेल ना? बायकोची परवानगी घेऊन लिहितो.

आमचं २०० मधलं एक आहे. पहिलं सिझर बाळाचे ठोके कमी झाले म्हणून. दुसऱ्या वेळी सगळं अनुकूल, अंतर तीन वर्षांहून जास्त, कळा आपोआप. ठोक्यांचं मशीन सतत लावून ठेवलेलं. बायकोला त्याचा वैताग आला होता, मोकळं फिरायचं होतं. नर्सने ठाम नकार दिला आणि आज मी त्या बाईंचा जन्मभराचा ऋणी आहे.

आधी बायको म्हणाली, कळ गेली तरी दुखणं जात नाहीये. मग मशीनवर ठोके खाली गेले ते वर येईनात. त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. ओटी त्याच मजल्यावर होती. भूलतज्ज्ञ हजर होते, घरून यायचे नव्हते. रक्त आधीच राखून ठेवलेलं होतं. बाळ लगेच बाहेर काढलं, काही दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलं, आज शाळेत जातं आणि मला उलट उत्तरं देतं. पिशवी शिवता आली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की टाका उसवल्याची सगळ्यात जास्त आढळणारी खूण म्हणजे बाळाचे ठोके बिघडणं. दोन कळांच्या मधेही राहणारं दुखणं, रक्त जाणं, चालू कळा अचानक बंद पडणं, खाली आलेलं डोकं परत वर जाणं, अशाही खुणा असतात, पण सगळ्या दिसतीलच असं नाही. म्हणून मशीन.

मी नॉर्मलच्या विरोधात नाही. फक्त जागा बघा. "आमच्याकडे होतं" असं म्हणणाऱ्यांना विचारा: मध्यरात्री दोन वाजता निर्णय झाला तर किती वेळात ओटी सुरू होते? भूलतज्ज्ञ इमारतीत असतो का?

तळटीप

दोघांचा बाबा, वाचताना हात थंड पडले.

माझी गोष्ट याच प्रश्नावर अडली. दोन सिझरनंतर तिसऱ्या वेळी प्रयत्न करायचा होता. पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो, मी हो म्हणणार नाही. तेव्हा राग आला. दुसऱ्या ठिकाणी हो म्हणाले, आणि तारीख जवळ आल्यावर एकेक अट निघायला लागली. अमुक आठवड्याच्या आत झालं तर, बाळ एवढ्या वजनाचं असलं तर. शेवटी दाखल करून दुसऱ्याच दिवशी सिझर. दोन्हीत पहिल्या डॉक्टर बऱ्या होत्या, हे आता कळतं.

गर्भवैद्य

तळटीप, दोन आडव्या छेदांनंतरही योग्य ठिकाणी, नीट समजावून प्रयत्न करू देतात आणि यशाचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतं. धोका एका सिझरपेक्षा काहीसा जास्त धरतात. पण त्यासाठी लागणारी तयारी नसेल तर स्पष्ट नकार हाच प्रामाणिक सल्ला. "बघू" म्हणत शेवटच्या आठवड्यापर्यंत नेणं मला स्वतःला पटत नाही.

निळी छत्री

माझी तारीख उलटून गेली, कळांचा पत्ता नाही. कळा आणायच्या तर गोळी नाही म्हणाले, कारण व्रण असलेल्या पिशवीला ती धोक्याची. बारीक नळीचा फुगा आत ठेवून तोंड हळूहळू उघडलं, रात्रभर तसाच. सकाळी फुगा आपोआप पडला, मग सलाइनमधून कळांचं औषध, अगदी थेंब थेंब, आणि नर्स शेजारून हलली नाही. शेवटी माझी ताकद संपली, व्हॅक्यूम लावून मुलगी काढली. नॉर्मल म्हणा, अर्धं नॉर्मल म्हणा, मला चालेल.

पाठीतलं इंजेक्शन, एपिड्युरल, मी घेतलं होतं. त्याने टाका उसवल्याचं दुखणं लपतं असं मैत्रिणीने घाबरवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, म्हणूनच आम्ही दुखण्यावर नाही, ठोक्यांवर लक्ष ठेवतो. शिवाय गरज पडली तर तीच नळी ऑपरेशनच्या भुलीला वापरता येते.

गर्भवैद्य

बरोबर. यात भर घालते. कळा आणल्या किंवा औषधाने वाढवल्या तर टाका उसवण्याचा धोका दोन ते तीन पट होतो, सिझर व्हायची शक्यताही वाढते. मिसोप्रोस्टॉल ही गोळी शेवटच्या तिमाहीत, व्रण असलेल्या पिशवीवर कळा आणायला वापरू नये. फुगा त्यामानाने सौम्य. पण "त्यामानाने" हा शब्द लक्षात ठेवा.

वाटसरू

एक वेगळी बाजू. माझी तीन सिझर झाली. तिसऱ्या वेळी वार (प्लॅसेंटा) खाली, जुन्या व्रणावर होती आणि पिशवीत रुतलेली. रक्त खूप गेलं, पिशवी काढावी लागली. मी जिवंत आहे, मुलं ठीक आहेत.

दुसऱ्या वेळी निर्णय घेताना आम्ही फक्त त्या बाळंतपणाचा विचार केला. पुढे अजून मूल हवंय का, हे कुणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. नंतर कळलं ते असं: वार खालच्या तोंडावर आली असेल तर ती चिकटलेली असण्याचं प्रमाण दुसऱ्या सिझरला ११ टक्के, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. प्रत्येक सिझरने वार अशी खाली येण्याची शक्यताही थोडी थोडी वाढते. सावलीताईंसारखं दोनवर थांबायचं असेल तर हिशोब वेगळा, मोठं कुटुंब हवं असेल तर वेगळा.

कोरा कागद

सगळं वाचून काढलं. मला ३५वा आठवडा चालू आहे. पहिलं सिझर ठोके कमी झाले म्हणून, तेव्हा पाच सेंटिमीटर उघडलं होतं. अंतर चार वर्षं. बाळ डोक्याकडून आहे. सोनोग्राफीत व्रणाची जाडी कमी लिहून आलीय आणि त्यावरून सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळे "सिझरच कर" म्हणताहेत. काय करू?

गर्भवैद्य

व्रण जितका पातळ तितका धोका जास्त, असं ढोबळमानाने दिसतं. पण अमुक मिलिमीटरच्या खाली प्रयत्न करायचाच नाही, अशी सर्वमान्य रेषा नाही, आणि दोन सोनोग्राफी करणाऱ्यांची मापंही वेगळी येतात. तेव्हा त्या एका आकड्यावर ठरवू नका, पण फेकूनही देऊ नका. तुमच्या डॉक्टरांना तो दाखवून त्यांचं मत घ्या. अंतर चांगलं आहे. ठोके कमी होणं दर वेळी होतंच असं नाही. पाच सेंटिमीटरपर्यंत पोचला होतात, तेही वाईट नाही. ऑपरेशनच्या नोट्स हाताशी आहेत का?

कोरा कागद

नाहीत. डिस्चार्ज कार्ड आहे.

धागाकर्ती

मग उद्याच जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. छेद आडवा की उभा, टी आकारात वाढवावा लागला होता का, नंतर जखमेत पू किंवा ताप होता का, हे त्यात बघा. पुढच्या तपासणीला तो कागद आणि बाबांनी लिहिलेले दोन प्रश्न घेऊन जा. आणि डॉक्टरांशी आत्ताच ठरवून ठेवा, की तारीख उलटली तर काय करायचं: थांबायचं, फुगा, की थेट सिझर. ते निळी छत्रीसारखं ऐनवेळी कळायला नको. कळा नियमित झाल्या किंवा पाणी गेलं तर घरी वाट बघत बसू नका, निघा.

कोरा कागद

लिहून घेतलं. सासूबाईंनाही धागा वाचायला दिलाय, त्या आत्ता रातराणींच्या प्रतिसादावर आहेत.